पहिली कळसूत्री बाहुली करायची तर वासुदेव करा

कळसूत्री बाहुली शिकायची म्हणलं की सगळे आधी विचारतात दोरे किती लागतात, आणि मग मोबाईलवर नऊ-नऊ दोऱ्यांची बाहुली बघून तिथंच गार होतात. दोऱ्यांचं नंतर बघू. आधी एवढं डोक्यात पक्कं करा की दोरा फक्त वर ओढू शकतो, त्याला ढकलता येत नाही. हात खाली यायचा, मान झुकायची, कंबर जागेवर राहायची, पाऊल जमिनीला टेकायचं, हे सगळं वजन करतं. अर्धी बाहुली तुम्ही चालवता आणि अर्धी तिचं वजन चालवतं, आणि वजन चुकीच्या जागी बसलं तर वर कितीही बोटं नाचवा, खाली नुसतं कापड हलताना दिसतं. म्हणून कुठं जड करायचं, कुठं हलकं ठेवायचं आणि कुठं ढिलं सोडायचं, हे कळलं की बाकीचं काम हाताला आपोआप येतं.

पहिली बाहुली कोणाची करायची यावर माझं मत ठाम आहे, वासुदेव. कामून तर त्याचा झगा घोळदार आणि पार खालपर्यंत, म्हणजे पाय करायचेच नाहीत, आणि नवशिक्याचा सगळ्यात जास्त वेळ पायातच जातो. राजस्थानच्या कठपुतळीवाल्यांच्या बहुतेक बाहुल्यांना पण पाय नसतात, खाली घागरा असतो आणि त्या घागऱ्याच्या जोरावर ती बाहुली काय नाचते ते बघितलंच असेल तुम्ही. वासुदेवाला गिरकी घेता येते, चिपळ्या वाजवता येतात, वाकून दान घेता येतं, एवढ्या तीन हालचालींत पाच मिनिटांचा खेळ उभा राहतो. शिवाय आपल्याकडं कुठल्याही गावात मोरपिसाची टोपी दिसली की हा कोण हे सांगावं लागत नाही.

माप असं धरा. टोपी सोडून उंची दीड फूट, त्यात डोकं सव्वातीन इंच. खऱ्या माणसाचं शरीर साधारण सात-साडेसात डोक्यांएवढं असतं, बाहुलीत साडेपाच ठेवायचं म्हणजे डोकं मुद्दाम मोठं, नाहीतर पंधरा फुटांवर बसलेल्याला तोंडच दिसत नाही. पंजा हनुवटीपासून केस सुरू होतात तिथपर्यंत, उलट थोडा मोठाच. आधी एका वर्तमानपत्रावर बाहुली पूर्ण मापात पुढून आणि बाजूनं काढून घ्या आणि सगळे तुकडे त्यावर ठेवून बघत चला, हे टाळू नका.

आता डोकं. लाकूड कोरायची हौस असली तर पांगाऱ्याचं बघा, हलकं असतं आणि पटाशीला मऊ जातं, बाभळीच्या वाट्याला जाऊ नका, जड आणि कडक. पण पहिल्या बाहुलीला मी कागदाचंच डोकं सांगेन. कुंभाराकडून किंवा गणपतीच्या दिवसात मिळते ती शाडू घ्या. आपल्या रानातली काळी माती चालत नाही, ती वाळताना आकसते, भेगा पडतात, मराठवाड्यातल्या माणसाला हे सांगायला नको. मातीचं डोकं एका काठीवर घडवा, नाक आणि भुवया जास्तच वर काढा, डोळ्यांच्या खोबणी खोल करा म्हणजे उजेडात तिथं सावली पडते आणि लांबून नजर दिसते. नाकीडोळी कशी ठेवायची हे बघायचं असेल तर पैठण शैलीची जी जुनी चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या कलेची, चित्रं आहेत ना, ती बघा, केवढाले डोळे, रेघ किती ठसठशीत. लांबून बघायच्या तोंडाला बारीक कलाकुसर नको, मोठी रेघ पाहिजे.

मातीवर खोबरेल तेलाचा हात फिरवा आणि मग कागद लावायला घ्या. कागद कात्रीनं कापायचा नाही, फाडायचा, नखाएवढे तुकडे, फाटलेली कड एकमेकात मिसळते आणि कापलेली कड रंगानंतरही दिसत राहते. मैद्याची खळ शिजवून घ्या, थोडं फेविकॉल घाला. एक थर मराठी पेपरचा आणि एक थर कोऱ्या खाकी कागदाचा असा आलटून पालटून लावला की कुठं राहिलं ते लगेच कळतं, असे सहा-सात थर. नाकाच्या बाजूला आणि डोळ्याच्या खोबणीत कागद काडीनं दाबून बसवा, तिथंच हवा राहते. वाळवायचं सावलीत. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात ठेवलं तर वरचा थर तासात कडक होतो आणि आतलं ओलंच राहतं, मग डोकं वाकडं होतं. पावसाळ्यात उलटा प्रश्न, बुरशी धरते, तेव्हा पंख्याखाली ठेवा आणि दोन-दोन थरांनी थांबत चला. बाइंडिंगवाले खळीला किडा लागू नये म्हणून मोरचूद घालतात पण ते विषारी असतं, घरात लेकरं असतील तर त्याच्या नादी लागू नका.

पूर्ण वाळलं की कानाच्या मागून ब्लेडनं उभं कापून दोन भाग करा, माती काढा, आणि परत चिकटवायच्या आधी आतलं काम करून घ्या. सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत आरपार बांबूची जाड काडी बसवायची, दोन्हीकडं पाव-पाव इंच बाहेर राहील अशी. डोक्याचे दोन्ही दोरे या काडीच्या टोकांना बांधायचे आहेत, आणि काडीच्या मधोमध एक तार अडकवून ती मानेतून खाली सोडायची, तिला खाली कडी करायची. बांधकामावर सळया बांधायला जी तार वापरतात ती चालते, दुहेरी पीळ देऊन घ्या. असं केलं की सगळ्या अंगाचं वजन काडीवर आणि तारेवर येतं, कागदाच्या डोक्यावर ताण येतच नाही, आणि डोकं वर्षानुवर्षं टिकतं.

काडीची जागा कशी ठरवायची? कानाच्या जरा वर आणि किंचित मागे. मागे असली की तोंडाकडची बाजू जड होते आणि बाहुली जराशी खाली, म्हणजे समोर खाली बसलेल्या लोकांकडं बघते. काडी पुढं आली तर तोंड आभाळाकडं. आणि वर का, तर वासुदेवाची टोपी. उंच टोपीनं वजन वर जातं आणि काडी खाली असेल तर डोकं सरळ राहतच नाही, कोलांटी खातं. म्हणून टोपी एकदम हलकी करा, पातळ कार्डशीटचा शंकू आणि त्यावर रंगीत कागदाच्या पट्ट्या, खरं मोरपीस लावू नका, दीड फुटाच्या बाहुलीवर ते झाडाएवढं दिसतं आणि वाऱ्यानं डोकं फिरवतं. हनुवटीच्या आत वजनाला एक छोटा लोखंडी नट (नट-बोल्टमधला) फेविकॉल आणि कागदानं पक्का बसवा. काडी कायमची चिकटवायच्या आधी दोन दोऱ्यांना डोकं टांगून, टोपी घालून, बोटानं टिचकी मारून बघा. दोनचार वेळा डुलून परत त्याच जागी आलं तर जमलं, नाहीतर भोक सरकवा. इथं जो वेळ जाईल तो जाऊ द्या.

धडाचे दोन तुकडे, छाती आणि कंबर. फळांच्या पेट्यांचं हलकं लाकूड बाजारात फळवाल्याकडं मिळतं, छाती त्याची करा, साडेचार इंच रुंद आणि तेवढीच उंच, वर मानेसाठी तारेची कडी. कंबरेचा तुकडा दोन इंच उंच, तो मात्र जड पाहिजे, सुताराकडून सागवानाचा नाहीतर बाभळीचा तुकडा मागा आणि त्याला खालून दोन-तीन मोठे नट स्क्रूनं मारून टाका. छाती आणि कंबर जोडायला लाकडाला लाकूड लावायचं नाही, मध्ये बोटभर जागा सोडून जाड कापडाच्या किंवा चामड्याच्या दोन पट्ट्या ठोकायच्या. गवंड्याचा ओळंबा जसा हलवला तरी शेवटी सरळ उभाच येऊन थांबतो तशी ही कंबर बाहुलीला सरळ करत राहते, आणि मधल्या ढिल्या जागेमुळं वाकणं, वळणं माणसासारखं दिसतं. सगळी बाहुली मिळून अर्ध्या किलोच्या आसपास ठेवा. त्याच्या वर गेली की नवशिक्याचा हात दहा मिनिटांत भरून येतो, आणि हात थकला की बाहुली लगेच थकलेली दिसते. तमिळनाडूच्या बोम्मलाट्टमच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या आणि जड असतात की खेळवणारा दोरे डोक्यावरच्या लोखंडी कड्याला बांधतो आणि हात काठ्यांनी हलवतो, पण ते लई पुढचं काम आहे.

हात. दंडाला तुऱ्हाटी घेऊ नका, वाळली की मोडते, सुताराकडची गोल काडी किंवा बांबू घ्या, तीन इंच. कोपरापासून मनगट पावणेतीन इंच. खांद्याला नुसती सुतळी, छातीला आरपार भोक पाडून, एकदम ढिली, हात चारी बाजूंना फिरला पाहिजे. कोपर मात्र फक्त पुढंच वळलं पाहिजे, मागं नाही. त्यासाठी दोन्ही काड्यांची टोकं पुढच्या बाजूनं मध्यापर्यंत तिरकी तासायची, मागची अर्धी सपाट ठेवायची आणि मधोमध चीर पाडून तिच्यात चामड्याची पट्टी बसवायची, की हात पुढं मिटतो आणि मागं अडतो. मनगटाला परत दोरी. पंजा तारेचा सांगाडा करून त्यावर कागद, आणि तळहातात एक-एक नट. पंजा हलका राहिला तर दोरा सोडल्यावर हात हवेतच लोंबकळतो, बघणाऱ्याला कळत नाही काय बिघडलं पण बाहुली मेल्यासारखी वाटते. एका हातात चिपळ्या द्यायच्या, पातळ लाकडाच्या दोन पट्ट्या आणि त्यात छोटे घुंगरू, एक पट्टी पंजाला पक्की आणि दुसरी दोरीनं ढिली, म्हणजे नुसता हात झटकला तरी वाजतात.

रंग पोस्टर कलर चालतो, आधी पांढऱ्याचा हात द्या. वर व्हार्निश मारायचा मोह आवरा, चकाकलं की बल्बचा उजेड तोंडावर परत येतो आणि डोळे दिसत नाहीत.

झग्याला जुनं धोतर घ्या, धुऊन धुऊन मऊ झालेलं. नव्या कापडातली खळ गेली नाही तर झगा ताठ उभा राहतो, आणि पॉलिस्टर अंगाला चिकटतं. बाह्या हव्यात त्यापेक्षा दुप्पट ढगळ, बगलेत तर जास्तच मोकळं ठेवा, कामून तर पन्नास टक्के बाहुल्यांचे हात दोऱ्यामुळं नाही, बगलेत ओढणाऱ्या कापडामुळं अडतात असं मला वाटतं. खालच्या घेरात आतून जाड सुतळी शिवून टाका, गिरकीला घेर फुलतो आणि थांबल्यावर पटकन खाली बसतो. गळ्यात माळ, कंबरेला शेला, कपाळाला गंध. छापील कापड घेतलं तर नक्षी बारीक बघून घ्या, मोठ्या फुलाच्या कापडात बाहुली हरवते.

आता येऊ दोऱ्यांवर. पाच पुरे, डोक्याचे दोन, हातांचे दोन, पाठीचा एक. नायलॉनचा पारदर्शक दोरा चांगला वाटतो पण तो चमकतो आणि गुंडाळून ठेवला की वळ्या धरतो, त्यापेक्षा काळा सुती जाड दोरा घेऊन त्यावर मेण ओढा, किंवा सरळ मोच्याकडून मेण लावलेला दोरा आणा. धरायची दांडी आठ इंच लांब, तिच्या मध्यापासून जरा पुढं सहा इंचाची आडवी पट्टी, खिळा नाही, स्क्रू मारा. आडव्या पट्टीच्या दोन टोकांना डोक्याचे दोरे, पट्टी टोपीपेक्षा रुंद ठेवायची म्हणजे दोरा टोपीला घासत नाही. दांडीच्या मागच्या टोकाला पाठीचा दोरा, तो कंबरेच्या लाकडाला मागून बांधायचा, झग्याला बारीक छिद्र पाडून. दांडीच्या पुढच्या टोकाला गोल कडीचा छोटा स्क्रू बसवा, आणि हातांचे दोन दोरे म्हणजे खरं तर एकच लांब दोरा, तो एका पंजापासून निघून त्या कडीतून दुसऱ्या पंजापर्यंत न्या. हा दोरा कडीत सरकतो, ज्या बाजूचा ओढाल तो हात उठतो, दोन्ही बाजू एकत्र ओढल्या की दोन्ही.

लांबी दुसऱ्याच्या मापावरून घेऊ नका. सरळ उभे राहा, कोपर अंगाशी, हात काटकोनात, दांडी हातात, आणि त्या वेळी झग्याची कड जमिनीला जेमतेम टेकली पाहिजे. दांडी त्याच उंचीवर दाराच्या कडीला नाहीतर कपडे वाळायच्या दोरीला टांगा आणि मग बांधायला घ्या. आधी डोक्याचे दोन्ही, कामून तर सगळं वजन त्यांच्यावर. ते अगदी समान झाले, तोंड सरळ दिसलं, की मग पाठीचा, तो ना ताणलेला ना लोंबता. हातांचा शेवटी, हात सरळ खाली असताना दोरा जरासा ढिला. आधी सुटणाऱ्या गाठी मारा, एक-दोन दिवस खेळवून बघा, फरक पडतोच, मग पक्क्या गाठी आणि गाठीवर फेविकॉलचा थेंब.

चालवायला शिकताना पहिलं काम एकच, उभं राहणं. ऐकायला सोपं वाटतं पण नवशिक्याच्या हातात बाहुली एकतर जमिनीपासून दोन बोटं वर तरंगते नाहीतर खाली बसून झगा जमिनीवर गोळा होतो. मोठा आरसा समोर ठेवा, बाहुलीकडं वरून बघू नका, आरशात बघा, बघणाऱ्याला जे दिसतं ते वरून दिसत नाही. झग्याची कड जमिनीला टेकलेली आणि दोरे ताठ, एवढ्यावर हात स्थिर झाला की अर्धी विद्या आली. मग उभ्या उभ्या श्वास घ्यायला लावा, दांडी अगदी गव्हाच्या दाण्याएवढी वर-खाली. लेकरं लगेच म्हणतात अरे हा जिवंत आहे.

त्यानंतर मान. दांडी डावीकडं-उजवीकडं जराशी कलंडली की डोकं कलतं, आणि दांडीचं पुढचं टोक खाली नेलं की डोक्याचे दोरे ढिले पडतात, वजन पाठीच्या दोऱ्यावर जातं आणि वासुदेव वाकून नमस्कार करतो. परत उठताना सावकाश उठवा, झटका दिला की डोकं मागं फेकलं जातं. चालवताना दांडी नुसती पुढं ओढत नेली तर बाहुली घसरत जाते, प्रत्येक पावलाला जराशी वर, जराशी खाली आणि खांदा किंचित वळता ठेवा, पाय नसले तरी लोकांना पाय दिसायला लागतात. गिरकीला दांडी झटकन अर्धा फेरा फिरवायची आणि वाट बघायची, बाहुली मागून येते, तिला यायला वेळ द्या. थांबवायचं तर झोका ज्या बाजूला जातोय त्याच बाजूला दांडी थोडी न्या आणि कड जमिनीला टेकवा, लगेच शांत होते. उलट्या बाजूला ओढलं तर झोका वाढतो.

बोलण्याचं एक सांगतो. बाहुली बोलत असेल तर प्रत्येक शब्दाला हलवायची गरज नाही, वाक्यात जो शब्द जड आहे त्याच्यावर मान हलवा, बाकी वेळ स्थिर. दोन बाहुल्या असतील तर बोलणारीच हलेल, ऐकणारी गप्प उभी राहून तिच्याकडं बघेल, नाहीतर कोण बोलतंय तेच कळत नाही. कठपुतळीवाले तोंडात बांबू आणि चामड्याची बारीक बोली धरून तो शिट्टीसारखा आवाज काढतात, त्याचा नाद सुरुवातीला नको, आपल्या साध्या आवाजात वासुदेवाची दोन कडवी म्हणा.

स्टेजला खर्च करू नका. बाज आडवी उभी करा, पुढून गोधडी किंवा सतरंजी टाका, तुम्ही मागं उभे आणि बाहुली पुढं. बाहुलीच्या पाठीमागं काळं कापड पाहिजेच, दोरे त्यात लपतात. उजेड समोरून नको, दोन्ही बाजूंनी द्या. गणपतीच्या मंडळात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, माळेगावसारख्या जत्रेत बसलेल्या पोरांपुढं, कुठंही पाच मिनिटांचा खेळ होतो, आणि पोरं बघायलेत म्हणल्यावर हातात जी चपळाई येते ती आरशापुढं येत नाही, म्हणून खेळ पूर्ण बसायची वाट बघत बसू नका.

कधी कोकणात जाणं झालं तर कुडाळजवळ पिंगुळीला नक्की थांबा. तिथल्या ठाकर समाजानं कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी हे तिन्ही जपलंय, परशुराम गंगावणे यांना याच कामासाठी २०२१ चा पद्मश्री जाहीर झाला. आपल्याकडून लांब पडतं, पण जुन्या बाहुलीचे सांधे डोळ्यानं बघितले की जे इथं इतकं लिहावं लागलं ते मिनिटात कळतं.

वासुदेव हातात बसला की दुसरी बाहुली पायांची करा, धोतर नेसलेला शेतकरी वगैरे. गुडघा कोपराच्या उलटा, फक्त मागं मुडपेल असा, म्हणजे तिरका तास मागच्या बाजूला, पुढची अर्धी बाजू सपाट आणि चामडं मधोमधच. तळपायात चांगलं वजन, घोटा कमी ढिला. दोन खांद्यांचे आणि दोन गुडघ्यांचे दोरे वाढले की झाले नऊ, आणि गुडघ्यांचे दोरे वेगळ्या छोट्या पट्टीला बांधून ती पट्टी दुसऱ्या हातात धरायची. चालवताना पाऊल टेकल्यावरच अंग पुढं न्यायचं, अंग आधी गेलं की पाय मागं फरपटतात.

ठेवताना बाहुली कधी आडवी टाकू नका. दांडी धरून बाहुलीला गोल फिरवा, सगळे दोरे एकमेकांत पीळ घेऊन एक दोर होतो, तो दांडीला गुंडाळा आणि कापडी पिशवीत टांगून ठेवा. तरी गुंता झालाच तर ओढू नका, दांडी टांगा, बाहुली सरळ लोंबू द्या आणि वरून खाली एक-एक दोरा सोडवत या, कापायची वेळ फार क्वचित येते. दोन-तीन खेळ झाले की मानेची तार आणि डोक्याचे दोरे हातानं चाचपून बघत जा, एक दोरा जरी घासलेला लागला तरी डोक्याचे दोन्ही एकदम बदला, एकच बदलला तर नवा दोरा वापरून वापरून ताणतो, लांब होतो आणि तोंड एका बाजूला कलतं.